वारा, भरती आणि होडीचे हेलकावे

वाशिष्ठी नदी दाभोळजवळ समुद्राला मिळते. उन्हाळ्यातील एखाद्या अष्टमीच्या दुपारी आपण या खाडीच्या मुखातून यांत्रिक होडीने बाहेर पडलो, तर होडी संथपणे वरखाली होत पुढे जाते. आठवड्याने, पौर्णिमेच्या दुपारी, त्याच होडीतून, तेवढ्याच वाऱ्यात निघालो, तर मात्र दणके बसू लागतात, तुषारांनी कपडे भिजतात आणि पोटात ढवळू लागते. अनुभवी तांडेल तर होडी सोडतच नाही. ‘पाणी वळू द्या,’ म्हणतो. वारा तोच, होडी तीच. मग बिघडले कोठे?

उत्तर पाण्याच्या प्रवाहात आहे. दुपारी खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. भरतीचे पाणीही त्याच दिशेने खाडीत शिरते. ओहोटीचे पाणी मात्र वाऱ्याच्या तोंडावर बाहेर धावते.

समजा, वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आणि प्रवाहाचा १ मीटर आहे. भरतीच्या वेळी पाण्याच्या दृष्टीने वाऱ्याचा वेग ४ मीटर ठरतो, तर ओहोटीच्या वेळी ६ मीटर. वाऱ्याची पाण्यावरील ओढ साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १६ आणि ३६! ओढ दुपटीहून अधिक झाली.

पण खरी गंमत लाटांची आहे. दर ३ सेकंदांनी एक अशा लाटा समुद्रावरून येत आहेत असे समजू. खोल, स्थिर पाण्यात त्यांच्या दोन माथ्यांमधील अंतर सुमारे १४ मीटर असते. दिंडीची वाट चढाची झाली की पुढच्या रांगा मंदावतात, मागच्या मात्र पूर्वीच्याच क्रमाने येत राहतात. त्यामुळे रांगांमधील अंतर कमी होते. समोरून येणाऱ्या प्रवाहात लाटांचे असेच होते. शिवाय आखूड लाट मुळातच हळू चालते, म्हणून ती आणखी मागे रेटली जाते. गणित केले तर हे अंतर ७ मीटरांहूनही कमी भरते. प्रवाह लाटांच्याच दिशेने असेल, तर तेच अंतर जवळजवळ २० मीटर होते.

लाटा दाटल्या की त्यांची उंचीही वाढते. अर्धा मीटर उंचीची लाट एक मीटरपर्यंत चढू शकते. लाटेची उंची तिच्या लांबीच्या सुमारे सातव्या हिश्शाहून अधिक झाली की ती फुटते. येथे ती मर्यादा गाठली जाते! खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल, तर उथळ पाण्यामुळे परिस्थिती आणखी बिकट होते.

आता होडीत बसू. पाण्यातील तिचा वेग सेकंदाला ४ मीटर धरला, तर भरतीत बाहेर पडताना दर २ सेकंदांना एक लांबट लाट भेटते. ओहोटीत मात्र दर सेकंदाला एक उभी लाट नाळेवर आदळते. परतताना लाटा पाठीमागून येतात. त्या वेळी सुकाणू नीट लागत नाही आणि होडी आडवी होऊन उलटण्याचा धोका असतो. म्हणजे हा प्रश्न केवळ सुखाचा नाही, जिवाचाही आहे.

मग अष्टमी आणि पौर्णिमा यांत फरक का? कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ही वेळ सहाची. म्हणजे दुपारभर पाणी आत येते आणि भांगाच्या भरतीमुळे प्रवाहही मंद असतो. पौर्णिमेला ती सव्वाअकराची. त्यानंतर सुमारे सहा तास ओहोटी आणि तीही उधाणाची! नेमका याच वेळी खारा वारा जोरावर असतो.

ओहोटीचा एक मोह असतो. सेकंदाला १ मीटर प्रवाहाची साथ मिळाली, तर ६ किलोमीटरांचे अंतर २० मिनिटांत संपते. प्रवाहाविरुद्ध ३३ मिनिटे लागतात. वेळ आणि तेल वाचते खरे, पण ज्या पाण्यामुळे ते वाचते, तेच लाटा उभ्या करते. म्हणून तांडेल पहाटे, वारा पडलेला असताना निघतो, किंवा पाणी वळण्याची वाट पाहतो.

आता तुम्हीच सांगा: चतुर्थीच्या दिवशी खाडीबाहेर जायचे आहे. दुपारी दोनला निघाल की साडेचारला? पंचांग उघडा, पाऊणपट करा आणि मग किनाऱ्यावर जाऊन आपले उत्तर लाटांशी ताडून पाहा. तांडेलाने ‘थांबा’ म्हटले, तर त्यामागचा हिशेब आता तुम्हालाही मांडता येईल.