विजया : विद्यापीठ आणि औषधालय

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात १९६८ पासून संशोधनार्थ भांगेची अधिकृत लागवड होत आली आहे. पुढे १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने तिच्या औषधी वापरास मान्यता दिली, इतर राज्येही त्या मार्गाने गेली आणि जाणकार मनुष्यबळाची निकड निर्माण झाली. नॉर्दर्न मिशिगन विद्यापीठाने २०१७ मध्ये औषधी वनस्पती-रसायनशास्त्राची पदवी, तर मेरीलँड विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विद्यालयाने २०१९ मध्ये दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

आपल्या शास्त्राने विजयेस उपविष मानून तिचे शोधन सांगितले; जातिफलादि चूर्णासारख्या कल्पांत ती योजिली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याविरहित पाने वगळली आहेत. तथापि औषध नियमावलीच्या ई (१) अनुसूचीत भांग समाविष्ट असल्याने, अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच सेवन करण्याची सूचना बंधनकारक आहे.

ही सूचना रुग्णास समजावून सांगणार कोण? वेष्टन बोलत नाही. बोलतो तो औषध देणारा. म्हणून औषधालयातील सहायकास शोधन, मात्रा व निषेध यांचे रीतसर शिक्षण देणे आणि वैद्यांच्या चिठ्ठीविना असा कल्प न देणे, हे वैद्य व औषधालयचालक या उभयतांचे कर्तव्य होय. अन्यथा औषध आणि नशा यांतील सीमारेषा आपल्याच हातून पुसली जाईल.