‘ऊन लागलं’ म्हणून सोडू नका, रक्त तपासा!

भिंगारच्या आसपास कांद्याची खुरपणी करून घरची सून संध्याकाळी परतते. दोन्ही गालांवर अन् नाकावर लालसर चट्टा दिसतो. ‘ऊन लागलं,’ आपण म्हणतो. सकाळी बोटं आखडतात, ‘वात आहे.’ बारीक ताप हटत नाही, केस गळतात, तोंड येतं. प्रत्येक दुखण्याला वेगळी गोळी चालू होते. पण ही सारी एकाच रोगाची लक्षणं असू शकतात. त्याचं नाव ल्युपस.

कुंपणच शेत खातं

रक्तातील प्रतिपिंडे रोगजंतूंशी लढतात. ल्युपसमध्ये ती आपल्याच पेशींवर उलटतात. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, त्याही बहुधा ऐन उमेदीच्या. हा रोग संसर्गजन्य नाही. सुनेचं ताट वेगळं करू नका.

तपासणी कशी?

पहिली तपासणी ‘एएनए’. काचपट्टीवरील पेशींवर रक्तातील पाणी, म्हणजे सीरम, टाकतात. प्रतिपिंडे चिकटली तर खास रंगामुळे पेशींचं केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली चमकतं. रिपोर्टवर १:८०, १:३२० असे आकडे असतात. सीरम किती पातळ करूनही चमक राहिली, ते त्यातून कळतं.

मात्र एएनए ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे ल्युपसच, असं नव्हे. धडधाकट माणसातही ती कधी कधी येते. ‘निगेटिव्ह’ आली तर ल्युपसची शक्यता फारच कमी. पॉझिटिव्ह असून लक्षणंही जुळत असतील, तर डॉक्टर ‘डीएस-डीएनए’ व ‘एसएम’ या नेमक्या प्रतिपिंडांची तपासणी सांगतात. नुसत्या कागदावर निदान होत नाही.

खरा धोका मूत्रपिंडाला

रोग मूत्रपिंडात शिरला तरी सुरुवातीला दुखत नाही. म्हणून लघवीतील प्रथिने व रक्तदाब तपासून घ्या. पायावर सूज, लघवीला फेस दिसला तर दिवस घालवू नका.

शेजारच्या पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडा-सांध्यांचं दुखणं आढळलं. त्यातलं प्रत्येक दुखणं ल्युपस नाही, हे खरं. पण प्रत्येक दुखणं नुसता ‘वात’ही नाही.

सरपंच, ग्रामसेवक, आशाताई यांनी एवढं करावं : सांधेदुखी, चट्टा आणि रेंगाळणारा ताप एकत्र दिसला, की त्या बाईला आरोग्य केंद्रात पाठवावं. वेळेवर औषध सुरू झालं तर रोग आटोक्यात राहतो. मात्र स्टेरॉइडची गोळी मनानं घेऊ नका, अन् बरं वाटलं म्हणून औषध मनानं बंदही करू नका.