प्रोसेसरला वळसा घालून

वसई रोडहून कामण, भिवंडी रोडमार्गे दिव्याला जाणाऱ्या रुळांवर मालगाड्यांची रांग लागते, कारण पश्चिम रेल्वेचा माल मुंबईच्या गर्दीत न शिरता मध्य रेल्वेवर पोचतो. १९८१च्या आयबीएम पीसीतली डीएमए, म्हणजे प्रोसेसरला टाळून कार्डावरचा माल थेट मेमरीत पोचवण्याची सोय, याच जातीची. उपमा मात्र अर्धीच चालते. दिव्याला वेगळे रूळ आहेत, पीसीत मेमरी, कार्डं आणि ८०८८ प्रोसेसर या सगळ्यांना मिळून तारांचा एकच जुडगा, म्हणजे बस. फ्लॉपीच्या कार्डाकडे बाइट तयार झाला की ते मागणीची तार उचलतं. ८२३७ ही चिप प्रोसेसरला क्षणभर थोपवून बस ताब्यात घेते, मेमरीचा पत्ता मांडते आणि कार्डाला ‘दे’, मेमरीला ‘घे’ असा इशारा एकदमच देते. बाइट त्या चिपमध्ये शिरतसुद्धा नाही.

हे सगळं वेगासाठी, असा समज आहे. तो मला पटत नाही. ३६० केबीच्या फ्लॉपीवरून बाइट येतो दर ३२ मायक्रोसेकंदांनी, तेवढ्यात ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे दीडशेच्या वर ठोके होतात. उचलायला तो समर्थ होता, पण मग दारात उभं राहण्यापलीकडे काही करता आलं नसतं. आयबीएमच्याच पीसीज्युनिअरमध्ये डीएमए नव्हतं, तर फ्लॉपी वाचताना मोडेमवरून येणारी अक्षरं गळण्याची भीती असे.

मग १९८४च्या एटी या पीसीत आयबीएमने हार्ड डिस्क डीएमएवरून का काढली? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच बाजूने पडतो. त्या कार्डावर ५१२ बाइटांचा अख्खा सेक्टर मावेल एवढी स्वतःची जागा होती. माल थांबू शकत होता, घाई संपली. एटीचा ८०२८६ प्रोसेसर एकाच आज्ञेने तो दोन-दोन बाइटांनी ओढून घेई, आणि ६ मेगाहर्ट्झच्या त्या यंत्रात डीएमए ३ मेगाहर्ट्झवरच चाले. फ्लॉपी मात्र डीएमएवरच राहिली. १९८९च्या साउंड ब्लास्टरनेही तीच वाट धरली, कारण आवाज मध्येच थांबून चालत नाही. तिथे वेगळीच कटकट: ८२३७चा पत्ता १६ बिटांचा, वरचे बिट दुसऱ्या चिपमध्ये, आणि हातचा तिकडे जात नसे. त्यामुळे ६४ केबीची हद्द आली की पत्ता त्याच तुकड्याच्या आरंभी परते. म्हणून जाणते प्रोग्रामर दुप्पट जागा मागून घेत आणि त्यातला हद्द न ओलांडणारा अर्धा भाग वापरत.