पोटदुखी : ओवा कधी, एरंडेल कधी नको

पावसाळ्यात अग्नी मंदावतो, असे आयुर्वेद सांगतो. त्यातच सणावाराचे जड जेवण झाले, की रात्री घरोघर ओव्याचा डबा निघतो. पोट फुगणे, गुबारा धरणे, करपट ढेकर येणे यासाठी ओवा खरोखर चांगला. त्यातल्या थायमॉल या द्रव्यामुळे आतड्यांचा ताण सैल होतो आणि वायू सरतो. पाव चमचा ओवा किंचित सैंधवाबरोबर चावून खावा, वर कोमट पाणी प्यावे. हिंगाचेही तसेच. मात्र बाजारातील बहुतेक हिंग पीठ व डिंक घालून बांधलेला असतो, म्हणून त्याचा गुण कमी-जास्त येतो. तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावतात तेवढाच ठीक. तो बाळाच्या पोटात देऊ नये.

एरंडेलाची गोष्ट वेगळी आहे. पूर्वी एखाद्या रविवारी घरातल्या सगळ्या पोरांना ओळीने बसवून चहातून एरंडेल पाजत. (त्या चहाच्या आठवणीने अजूनही अनेकांचे तोंड वाकडे होते!) साध्या बद्धकोष्ठावर ते उत्तम रेचक आहे, यात शंका नाही. पण ते काम कसे करते, हे समजून घ्या. पोटात गेल्यावर या तेलापासून रिसिनोलेइक आम्ल तयार होते आणि ते आतड्यांना जोराने आकुंचन पावायला लावते. आतडे निरोगी असेल तर पोट साफ होते. पण दुखणे अपेंडिक्सच्या सुजेचे असेल, तर याच जोराने सुजलेला अपेंडिक्स फुटण्याचा धोका असतो. मग पू पोटभर पसरतो आणि जिवावर बेतते.

‘पोट साफ झाले की बरे वाटेल’ हा सल्ला म्हणूनच प्रत्येक पोटदुखीला लागू नाही. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीपाशी सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. भूक मरते, मळमळते किंवा उलटी होते, बारीक ताप येतो. खोकले, चालले तरी तिथे कळ येते. असा रोगी घरात असेल तर एरंडेल नको, पोट चोळणे नको, शेक नको. खायला-प्यायलाही काही न देता त्याला सरळ रुग्णालयात न्या. मुलांना नेमके कुठे दुखते ते सांगता येत नाही, तेव्हा अधिक जपावे. गरोदर बाईलाही एरंडेल देऊ नये. त्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात.

आणखी एक फसवे दुखणे म्हणजे ‘वायू छातीत दाटला’ हे. चाळिशी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला वरच्या पोटात दडपण, दरदरून घाम, धाप, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असे होऊ लागले, तर ओवा चघळत वाट पाहू नये. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. अर्ध्या रात्रीही गाडी काढावी.

राहता राहिले रोजचे अपचन. त्यासाठी हिंगाष्टक चूर्ण पुरते. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग अशी ही आठ द्रव्ये. चिमूटभर चूर्ण तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर घ्यावे. ज्यांना जळजळ, आंबट ढेकर किंवा अल्सरचा त्रास आहे, त्यांनी मात्र ते टाळावे. या उष्ण द्रव्यांनी जळजळ वाढते. रक्तदाबाच्या रोग्यांनीही लक्षात ठेवावे, सैंधव हे शेवटी मीठच आहे.