नव्या गावात घोडेस्वारी : शिकायचं कुठं, घोडा ठेवायचा कुठं?

नोकरीनिमित्त बदली झाली की आपण नव्या शहरात काय शोधतो? भाड्याचं घर, जवळची मशीद, मुलांची शाळा, मटणाचं दुकान. हे सगळं मार्गी लागतं आणि मग घरातलं एखादं मूल विचारतं, "अब्बा, इथं घोडा कुठं शिकवतात?" जुन्या गावात चाचांच्या घोड्यावर बसायची सवय असते, किंवा माथेरान-महाबळेश्वरला अर्धा तास फिरलेलं असतं आणि तेव्हापासून डोक्यातून घोडा जात नाही. काही घरांत तर स्वतःचा घोडाच असतो. बदलीच्या ठिकाणी त्याला कुठं ठेवायचं, हा प्रश्न घर शोधण्याइतकाच मोठा होतो.

अशा वेळी घाईत घेतलेला निर्णय दोघांच्या जिवावर बेततो, मुलाच्या आणि त्या मुक्या जनावराच्या. म्हणून नव्या ठिकाणी शोध कसा घ्यायचा, काय तपासायचं आणि कुठं थांबायचं, हे एकेक करून पाहू.

दीनमध्ये घोड्याचं स्थान

घोड्याचा आपल्याशी संबंध फक्त हौसेचा नाही. कुरआनातली शंभरावी सूरह, सूरह आदियात, धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते. सूरह नहलमध्ये घोडे, खेचरं आणि गाढवं ही स्वारीसाठी आणि शोभेसाठी दिलेली नेमत म्हणून सांगितली आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) स्वतः त्यात उतरले होते. त्या रिवायतीत एक बारकावा आहे. तयार केलेल्या घोड्यांसाठी अंतर लांबचं होतं, तयार न केलेल्यांसाठी खूपच कमी. जनावराच्या ताकदीप्रमाणे काम ही शिकवण तिथं आहे. मुलाला शिकवतानाही हीच रीत ठेवावी.

"मुलांना पोहणं, तिरंदाजी आणि घोडेस्वारी शिकवा" हे वाक्य आपल्याकडे हदीस म्हणून सर्रास फिरतं. प्रत्यक्षात ते जास्त करून हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितलं जातं. म्हणून पुढे पाठवताना जपून. अर्थ मात्र चांगलाच आहे.

शोध कुठून सुरू करायचा?

मोबाईलवर "घोडेस्वारी" टाकलं की फोटो भरपूर दिसतात, पण फोटोवरून तबेला कळत नाही. खरी माहिती ज्यांचं पोट घोड्यावर आहे त्यांच्याकडे मिळते.

पहिला माणूस म्हणजे नालबंद. कोल्हापूर-सांगलीकडे तर हे आपल्यातल्या घराण्यांचं आडनावच आहे. घोड्याचे खूर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तासावे लागतात, म्हणून नालबंद भागातल्या प्रत्येक तबेल्यात जातो. कोणाचे घोडे धडधाकट, कोण वेळेवर पैसे देतो, कुठं जनावर उपाशी राहतं, त्याला सगळं ठाऊक असतं. दुसरा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातला डॉक्टर. तिसरा, लग्नाच्या वरातीला घोडा देणारा. त्याचा घोडा शिकायला घेऊ नका, पण चारा, साईस आणि जागा यांची माहिती त्याच्याकडे हमखास असते.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारात ॲमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे. पुण्याच्या आसपास, तळेगाव-मुळशीच्या बाजूला, खासगी स्वारी केंद्रं आहेत. नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा ठिकाणी क्लब किंवा सैनिकी शाळांच्या माध्यमातून सोय निघते. एक वाट मात्र बहुतेक पालकांना माहीतच नसते. एनसीसीमध्ये रिमाउंट आणि व्हेटर्नरी अशी तुकडी असते. ती काही पशुवैद्यकीय आणि कृषी महाविद्यालयांशी जोडलेली असते आणि तिथं कॅडेटला घोडेस्वारी जवळजवळ फुकट शिकायला मिळते. मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर कॉलेज निवडत असेल तर ही चौकशी जरूर करा.

तबेल्यात गेल्यावर काय बघायचं?

न कळवता एकदा सकाळी सहा-सातच्या सुमारास जा. चारा-पाण्याच्या वेळी तबेल्याचं खरं रूप दिसतं.

घोड्याच्या फासळ्या मोजता येत असतील, पाठीवर किंवा तंगाच्या जागी जखमा असतील, पाण्याच्या टाकीत शेवाळ असेल तर तिथून परत फिरा. एका घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बांधायची खोली पूर्ण वाढलेल्या घोड्याला १२ बाय १२ फूट असावी, तट्टाला १० बाय १० चालते. खाली ओल नसावी, हवा खेळती असावी. आणि रोज काही तास घोडा मोकळा सोडतात का, हे विचाराच. चोवीस तास बांधलेला घोडा चिडका होतो आणि त्याचा राग तुमच्या मुलावर निघतो.

शिकवणाऱ्याला हे प्रश्न विचारा :

१. नवख्याला कोणता घोडा देता? उत्तर "वयस्क, शांत, बऱ्याच मुलांना शिकवलेला" असं हवं. तीन-चार वर्षांचं तरणं जनावर नवख्यासाठी नाही.

२. पहिले धडे कसे देता? चांगला उस्ताद सुरुवातीला घोडा लांब दोरीवर स्वतःच्या हातात ठेवून गोलात फिरवतो. मूल आधी तोल शिकतं, लगाम नंतर. पहिल्याच दिवशी दौड शिकवणाऱ्यापासून लांब राहा.

३. हेल्मेट कोणतं? हनुवटीखाली पट्टा असलेलं, स्वारीसाठीच बनवलेलं हवं. क्रिकेटचं किंवा सायकलचं नाही.

४. बूट? थोडी टाच असलेला बंद बूट हवा, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पडताना पाय रिकिबीत अडकून फरफटत जाणं हा स्वारीतला सगळ्यात वाईट अपघात आहे.

५. वजनाची मर्यादा? साधारण नियम असा की स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं. ३०० किलोच्या तट्टावर ६० किलोपेक्षा जास्त नको. हिल स्टेशनवर ९० किलोचे आपले भाऊसाहेब बारक्या तट्टावर बसतात तेव्हा हे आठवावं.

मुली, हिजाब आणि नमाज

"मुलीला घोडा कशाला?" असं विचारणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना अहमदनगरच्या चाँदबीबीची आठवण करून द्यावी. १५९५-९६ मध्ये तिने मोगलांच्या वेढ्यात किल्ला राखला, आणि दख्खनी चित्रांत ती घोड्यावर बसून बहिरी ससाण्याने शिकार करताना दिसते. पडदा आणि स्वारी यांत भांडण नाही. फक्त कपडे विचारपूर्वक हवेत.

सुटी ओढणी आणि घेरदार बुरखा घोड्यावर धोक्याचा. वाऱ्याने फडफडलं तर घोडा बुजतो आणि खोगिरात अडकलं तर सुटत नाही. हेल्मेटखाली पिन नसलेला घट्ट बसणारा स्कार्फ, वर दोन्ही बाजूंनी चीर असलेला गुडघ्यापर्यंतचा सैलसर कुर्ता आणि खाली जाड पँट, एवढं पुरे. महिला उस्ताद आहे का किंवा मुलींची वेगळी बॅच आहे का, हे विचारायला लाजू नका. चार-पाच मुली एकत्र आल्या तर बरीच केंद्रं वेगळी वेळ देतात.

घोड्याचा घाम आणि केस पाक आहेत, लीद मात्र नापाक. म्हणून तबेल्याचे बूट आणि कपडे वेगळे ठेवा. संध्याकाळची बॅच घेताना मगरिबची वेळ बघून घ्या, नाहीतर रोज धावपळ होते.

दुसरा नेहमीचा प्रश्न रेसकोर्सचा. तिथल्या पैजांचा व्यवहार जुगार आहे, त्यात शंका नाही. पण त्याच आवारात एखादा क्लब स्वारी शिकवत असेल तर फी देऊन शिकणं ही वेगळी गोष्ट. ज्यांना तरीही खटकतं त्यांनी आपल्या आलिमांना विचारून मन साफ करून घ्यावं.

स्वतःचा घोडा : घाई नको

बऱ्याच घरांत चूक इथं होते. मुलाने हट्ट धरला, बाजार भरला, बापाने घोडा आणला. चार महिन्यांनी चारा महाग, साईस पळाला, शाळेची परीक्षा आली आणि घोडा अंगणात खुंट्याला. शेवटी मिळेल त्या भावात, मिळेल त्या माणसाला विकला जातो. त्याचं पुढं काय झालं, हे मुलाला कोणी सांगत नाही.

आधी साधा हिशेब करा. घोड्याला वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा-खुराक रोज लागतो. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला ७ किलो, म्हणजे वर्षाला अडीच टनांहून जास्त. त्यावर साईसचा पगार, नालबंद, जंताचं औषध, धनुर्वाताची लस, डॉक्टर. विकत घेण्याची किंमत ही या खर्चाची फक्त सुरुवात.

म्हणून आधी किमान एक वर्ष दुसऱ्याच्या घोड्यावर शिका. मग एखाद्या मालकाशी आठवड्यातल्या दोन-तीन दिवसांची हिस्सेदारी करा : खर्चाचा वाटा तुमचा, घोडा त्याचा. त्यानंतरही ओढ तशीच राहिली तर विकत घेण्याचं बघा.

बाजार आपल्याकडे नामी आहेत : नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातला माळेगावचा, सोलापूर जिल्ह्यातला अकलूजचा. तिथं मारवाडी, काठियावाडी घोडे येतात. आपला दख्खनी भीमथडी घोडा आता जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदला गेला आहे. तो चिवट आणि काटक. बाजारात अंगावरच्या भोवऱ्यांवरून भाव हजारोंनी चढतो-उतरतो. त्या भोवऱ्यांचा तब्येतीशी काहीही संबंध नाही आणि शकुन-अपशकुनावर विश्वास ठेवणं आपल्या अकीद्यात बसत नाही. त्यापेक्षा दात, डोळे, खूर आणि चाल बघा. कडक जमिनीवर दुडकी चालवून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका, आणि डॉक्टर आपला न्या, विकणाऱ्याचा नको. रेसमधून निवृत्त झालेला घोडा स्वस्तात मिळतो, पण तो फक्त पळायला शिकलेला असतो. नवख्याने तिकडे वळू नये.

घोडा हलवताना

घोडा नव्या जिल्ह्यात न्यायचा असेल तर पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला सोबत हवा. ग्लँडर्स या रोगाची रक्ततपासणी करून घ्या. तिचा नमुना सरकारी डॉक्टरमार्फत हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला कायद्याने दयामरण द्यावं लागतं. नाकातून घट्ट स्राव, कातडीवर गाठी आणि फोड दिसले तर हात न लावता डॉक्टरला बोलवा. नव्या तबेल्यात पोहोचल्यावर दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा.

तबेल्याशी करार तोंडी नको. पूर्ण देखभाल, अर्धी देखभाल की फक्त जागा, हे लिहून घ्या. तुमच्या परवानगीशिवाय दुसरं कोणी बसणार का, रात्री घोडा आजारी पडला तर डॉक्टर कोण बोलावणार आणि खर्च कोणाचा, हेही कागदावर हवं. पोटशूळ झाला तर घोडा उलटी करू शकत नाही. तो सारखा पोटाकडे बघतो, लोळतो, लीद बंद होते. अशा वेळी तास-दोन तासही महाग पडतात. जवळच्या डॉक्टरचा नंबर आणि पशुसंवर्धनाचा १९६२ हा टोल-फ्री नंबर तबेल्याच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

जमीन घेऊन घोडा ठेवायचा बेत असेल तर आणखी सावध राहा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला साधारणपणे शेतकरी असावं लागतं. "फार्महाऊस प्लॉट" म्हणून विकल्या जाणाऱ्या गुंठ्यांचा सातबारा, फेरफार आणि रस्ता वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पाणी बारमाही आहे का, हे मे महिन्यात जाऊन बघा. आणि घोडा कळपातलं जनावर आहे. एकटा ठेवला तर झुरतो. दुसरा घोडा नसेल तर शेळी किंवा गाढव तरी सोबतीला हवं.

स्वतःच्या स्वारीच्या घोड्यावर जकात नाही. विकण्यासाठी घेतलेला असेल तर तो व्यापाराचा माल धरला जातो, त्यावर आहे.

जनावराचा हक्क

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एका उंटाची रिवायत आहे. मालक उपाशी ठेवतो आणि राबवून दमवतो, याची तक्रार त्याने प्रेषित (स.) यांच्याकडे केली, आणि त्यांनी मालकाला अल्लाहचं भय बाळगायला सांगितलं. घोडा बोलत नाही, पण त्याचा हिशेब आपल्याकडेच मागितला जाणार आहे.

म्हणून मुलाला खोगिरावर बसवण्याआधी त्याच्या हातात खरारा द्या. पहिले चार रविवार त्याने घोडा साफ करावा, पाणी पाजावं, लीद उचलावी. पाचव्या रविवारी तो स्वतःहून लवकर उठला तर समजा, हौस खरी आहे. इन्शाअल्लाह, नव्या गावात त्याला शाळेबाहेरचा पहिला दोस्त तबेल्यातच मिळेल.