जूनची सावली दक्षिणेला

पिशोरहून अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे, गौताळ्याच्या जंगलात किंवा अंतूर किल्ल्यावर जाणाऱ्यांच्या तोंडी एक नियम हमखास असतो: वाट चुकली तर भर दुपारची सावली बघा, ती उत्तरेला पडते. वर्षातले दहा महिने हे खरंही आहे. पण पिशोर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, वीस अंश अक्षांशाच्या जरासं वर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास इथे शून्य सावलीचा दिवस येतो. मग सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. तीही किती, तर २१ जूनला उभ्या माणसाची चार-पाच बोटं. शिवाय घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असंही नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, त्यामुळे इथली मध्यान्ह सरासरी अर्धा तास उशिरा होते.

सूर्य पूर्वेला उगवतो, हेही तसंच ढोबळ. नेमका पूर्वेला तो मार्च आणि सप्टेंबरमधल्या संपाताच्या सुमारास उगवतो. जूनअखेरीस इथे तो पूर्वबिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला असतो, डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेला. २५ अंश चुकून दोन किलोमीटर चाललात, तर हव्या जागेपासून आठशे मीटरहून जास्त लांब पोहोचाल. जंगलात एवढ्यात अख्खी दरी हुकते.

म्हणून सावली निकामी ठरत नाही, रीत मात्र वेगळी लागते. सपाट जागी काठी सरळ उभी रोवा. सकाळी सावलीच्या टोकाशी खूण करा आणि काठीभोवती त्याच त्रिज्येचं वर्तुळ आखा. दुपारनंतर टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण करा. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. ही रीत जूनमध्येही चुकत नाही. फक्त सबुरी हवी. आपल्या ज्योतिर्गणिताच्या ग्रंथांतली ही शंकूची जुनी पद्धत. याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पाटणादेवीच्या परिसरातल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. अशा मुलखात सावलीचा अर्धवट नियम पाठ करून फिरावं, हे काही बरं नाही.

होकायंत्राच्या बाबतीत गैरसमज उलट्या बाजूचा आहे. परदेशी व्हिडिओ पाहून आलेली मुलं आधी चुंबकीय दिक्पाताची वजाबाकी करायला बसतात. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक असतो हे बरोबर, आणि काही देशांत तो पंधरा-वीस अंशांवर जातो. आपल्याकडे तो सध्या एक अंशाहूनही कमी आहे. हातातल्या होकायंत्रावर तेवढं वाचताही येत नाही. खरी भीती खिशातल्या मोबाइलची, कोयत्याची आणि डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारांची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप अलिबागला न्यावं लागलं; तिथली वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली.

काळ्या दगडात काटा चालतच नाही, असंही ऐकू येतं. बेसॉल्टमध्ये लोहयुक्त चुंबकीय खनिजं असतात, त्यामुळे यंत्र थेट खडकावर ठेवलं किंवा वीज पडलेल्या माथ्यावर उभं राहिलं, तर काटा भरकटू शकतो. ते छातीशी धरून वाचावं, दहा-वीस पावलं सरकून पुन्हा वाचावं. दोन्ही वाचनं जुळली की पुरे.

पण नुसत्या होकायंत्राने आपण कुठे आहोत ते कळत नाही. त्यासाठी ओळखीच्या दोन खुणांचे, समजा अंतूरचा माथा आणि एखादं धरण, कोन घेऊन नकाशावर रेषा मागे ओढाव्या लागतात. जिथे त्या छेदतात तिथे आपण. आणि असे नकाशे फक्त लष्कराला मिळतात, हा समज आता जुना झाला. २००५ च्या नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सामान्यांसाठी वेगळी मालिका काढली. तिचे १:५०,००० चे नकाशे संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर.

हा नकाशा सर्वांत उपयोगी पडतो तो ओढ्यांपाशी. ‘पाण्याच्या धारेने खाली उतरा, गाव लागेल’ हा सल्ला पिशोरच्या बाजूला बहुधा खरा ठरतो, कारण दक्षिणेचा उतार सावकाश गोदावरीच्या खोऱ्यात जातो. उत्तरेला, खानदेशाकडे, डोंगर एकदम तुटतो. पितळखोऱ्याला पावसाळ्यात ओढा कड्यावरून कोसळताना दिसतो. तशा धारेमागे अंधारात उतरणारा माणूस कड्यावरच पोहोचेल. नकाशावर समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, की तिकडे वळायचं नाही.

आणि रेंज गेली की जीपीएस बंद पडत नाही. तो संकेत उपग्रहांकडून येतो; नेट लागतं ते पडद्यावरचा नकाशा उतरवायला, आणि ते काम घरीच उरकता येतं. बॅटरी संपत आली असेल तर पडद्यावरचे अक्षांश-रेखांश कागदी नकाशाच्या कडेवरच्या आकड्यांशी जुळवून पेन्सिलीने खूण करावी आणि फोन बंद करून ठेवावा.