फुटक्या बादलीतला सांबार

माझं गाव एकोडी, साकोली तालुक्यातलं. धानाच्या बांधीत वाढलो. आता दर रविवारी नागपुरातल्या एका वस्तीत भाजीबाग लावायला जातो.

मागच्या खेपेला एका मावशीनं फुटकी बादली पुढं केली. "बाबू, जागाच नाही माझ्याजवळ. याच्यात सांबार होईन का?"

होतो, अन् मस्त होतो! सांबार म्हणजे कोथिंबीर, त्याला वीतभर खोली पुरते. धने रगडून दोन फाकी करून पेरायचे, लवकर उगवतात. बादली फक्त रंगाची किंवा रसायनाची नको.

माती कमी अन् पालापाचोळा जास्त घाला. प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर अशीच बाग फुलवली, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर. आमच्याकडं कुजलेलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढाही चालतो.

कचरा लवकर कुजायला अमृतजल. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र अन् ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस, दिवसातून तीनदा ढवळा. चौथ्या दिवशी दहापट पाणी मिसळून वापरा.

नालीचं पाणी मात्र पालेभाजीला कधीच घालू नका. सांबार आपण कच्चाच खातो.

रोपं लावायला खूप हात येतात. खरी गरज मे महिन्यात असते. नागपूरच्या उन्हात जुन्या लुगड्याची सावली बांधायला अन् सकाळी पाणी घालायला रोज माणूस लागतो. आम्ही आता घरागणिक वार वाटून घेतलेत.

तुमच्या वस्तीत ऊन किती तास येतं? लिहा, काय लावता येईल ते सांगतो.